सोपटाने बांधलेलं रेलिंग

हे मी कुणाजवळ बोललो नाही. मुलाजवळ नाही, देवासमोर उभं राहूनसुद्धा नाही. चौथी शिकलेला माणूस मी. वेडंवाकडं लिहीन, तसंच वाचा.

निर्मळला आमची वाडी. केळी, चाफा, थोडी भाजी. रस्ता उंचावर, वाडी खाली. गाड्या वाढल्या तसं रस्त्याच्या कडेने लोखंडी रेलिंग बसलं. लोकांना बरं झालं. बायका त्यावर गोधड्या वाळत घालायच्या, म्हातारे टेकून गप्पा हाणायचे. माझी बायको यमुना गुडघ्यांनी जेरीला आलेली. देवळातून येताना तिथेच पाठ टेकायची. म्हणायची, "अहो, हे माझ्यासाठीच बांधलंय बघा."

मला मात्र त्याची अडचण. केळीची पानं सायकलवर लादून सरळ वर चढायची माझी वाट बंद झाली. वळसा घालायचा कंटाळा — दुसरं काही नाही. मी दोन खांबांमधले आडवे पाइप पान्याने सोडवले. कुणाला कळू नये म्हणून परत जागेवर ठेवून केळीच्या सोपटाने — खोडाच्या सालीच्या पट्टीने — बांधले. आम्ही वाडीवाले सगळं सोपटानेच बांधतो — फुलांच्या जुड्या, वेलांचे मांडव. सायकल आली की सोडायचं, गेली की बांधायचं. वाळलं की सोपट तुटतं, बदलावं लागतं. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? नाही बदललं.

बायकोला तरी सांगायचं, असं म्हणाल. ओरडली असती. म्हणून नाही सांगितलं.

एक दिवस ती टेकली, आणि पाइपासकट खाली वाडीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी तिथेच होतो. लोक जमायच्या आत सोपटाचे तुकडे वेचून खिशात घातले — आधी ते. मग तिला हात लावला.

पण एवढ्यावर भागलं नाही. अंथरुणाला खिळल्यावर तिनेच ठरवून टाकलं, की आपल्या वजनाने पाइप निखळला. भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायची, "म्हैस टेकल्यावर पाइप तरी काय करेल गो?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. मग ती अर्धीच भाकरी खायला लागली. "तुम्हाला उचलायला हलकी होईन," म्हणायची. आणि मी? उरलेली भाकरी ताटासकट आत नेऊन ठेवायचो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? शिव्या घातल्या असत्या तिने. पण जेवली असती ना — पोटभर?

उठलीच नाही ती. पावसाळा सरता सरता गेली.

दहाव्याला तिची बहीण डोळे पुसत म्हणाली, "अंगाने जाड होती ना, भावोजी, तेच नडलं तिला."

मी म्हणालो, "हो."