कोल्मारमध्ये न उचललेला फोन

आई गेली तेव्हा माझं कार्ड माझ्या पाकिटात होतं. हे मी आजवर ताईला सांगितलेलं नाही. आणि ताईला मी काय सांगितलं होतं, ते बायकोला नाही.

कार्ड म्हणजे जर्मनीत राहण्याचा परवाना. आम्हा परदेशी नोकरदारांचं निम्मं बोलणं त्याच्याभोवती फिरतं. मुदत संपत आली, अपॉइंटमेंट मिळत नाही, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, फाईल पडून आहे. सांगलीतल्या नातेवाइकांनाही हा विषय पाठ झालेला असतो. अमका मावसभावाच्या लग्नाला आला नाही, का? कार्ड. वर्षश्राद्धाला आला नाही? कार्ड. पुढे कुणी विचारत नाही. त्या वर्षी माझं कार्ड खरोखरच नूतनीकरणाला गेलं होतं आणि ते हातात नसताना देशाबाहेर पडायची माझी हिंमत नव्हती. गुरुवारी ते मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी ताईचा फोन आला.

"आईला परत अ‍ॅडमिट केलंय. या वेळी मला बरं दिसत नाही रे. येतोस का?"

"अगं, कार्ड कुठे आलंय अजून."

"हं. मग तू तरी काय करणार. बघते मी."

बुधवारपर्यंत जे खरं होतं तेच मी शुक्रवारी बोललो, म्हणून ते इतक्या सहज तोंडातून गेलं असावं. त्याआधी दोनदा मी धावत गेलो होतो. दोन्ही वेळा आई चार दिवसांत उठून बसली आणि मलाच म्हणाली, "तुला कामधंदा नाही का रे?" शिवाय पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी लागली होती, फ्रान्समधल्या कोल्मारचं हॉटेल ठरलं होतं, मुलगी आठवडाभर बॅग भरत होती. ही सगळी कारणं मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवली. खरं कारण यांतलं एकही नाही. मला तो वॉर्ड नको होता. सुया टोचून काळानिळा झालेला तिचा हात मला हातात घ्यायचा नव्हता.

बायकोला सांगितलं, "ताई म्हणते आई स्थिर आहे, उगाच घाई करू नको."

"नक्की ना? हॉटेलचं काय, सोडून देऊ आपण."

"नक्की गं."

शनिवारी आम्ही राहतो त्या वाल्डॉर्फहून दक्षिणेला गाडी काढली, ऱ्हाइन ओलांडली की फ्रान्सचा अल्सास प्रांत. सरहद्दीवर कुणी अडवत नाही. रस्त्याचे फलक बदलतात, गावांची नावं मात्र जर्मनच वाटतात. हा प्रदेश कधी या देशाकडे, कधी त्या देशाकडे असा फिरत राहिला. कोल्मारला बेकरीत मी माझं तुटकं फ्रेंच जुळवत होतो, तर गल्ल्यावरच्या म्हातारीने मला थांबवून त्यांच्या जर्मनसारख्या गावबोलीत विचारलं, "पाव कापून देऊ?" तिच्या मागे उभी असलेली बाई फ्रेंचमध्ये हवापाण्याचं बोलत होती. म्हातारी तिला फ्रेंचमध्ये, मला तिच्या बोलीत, सुट्टे पैसे मोजताना पुटपुटत पुन्हा बोलीत. कालव्याकाठच्या मंडईत माणसं चाकांच्या पिशव्या ओढत चीज हुंगून घेत होती. लाकडी चौकटींची रंगीत घरं पुढे झुकलेली, खिडक्यांत फुलं, एका छपरावर करकोच्याचं घरटं. छान होतं. मला छान वाटत होतं, हेही लिहून ठेवायला हवं.

जुन्या गावातून प्रवाशांना फिरवणारी एक छोटी गाडी असते, रबरी चाकांची, आगगाडीसारखी दिसणारी. मुलगी तिच्यासाठी हटून बसली. आम्ही चढलो, कानाला यंत्रं लावली, त्यातून जर्मन बाई सांगू लागली की इथे चांभार कातडी वाळत घालायचे, म्हणून वरचे मजले असे उघडे. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ताई.

उचलता येत नव्हता. उचलला असता तर ताईला ती गाडीची घंटा आणि चालकाची फ्रेंच हाकाटी ऐकू गेली असती. आणि शेजारी बायको. ताईशी बोललो तर बायकोला कळणार, बायकोसमोर गप्प राहिलो तर ताईला. दोन थापा एकाच बाकावर बसल्या होत्या. मी फोन कापला.

"कुणाचा?"

"ऑफिस."

"सुट्टीतही सोडत नाहीत मेले."

मग मेसेज आला. डॉक्टर व्हेंटिलेटरचं विचारतायत, लगेच फोन कर. मी तो वाचला. गाडी चर्चला वळसा घालून परत येईपर्यंत बसून राहिलो. उतरल्यावर मुलीला आइस्क्रीम हवं होतं, रांग मोठी होती, मी रांगेत उभा राहिलो. स्वतःसाठीही घेतलं. ते संपवून, पार्किंगचं तिकीट वाढवून येतो असं सांगून, चर्चमागच्या रिकाम्या गल्लीत गेलो आणि ताईला फोन लावला.

"किती वेळ रे. झोपला होतास?"

"हो. डोळा लागला होता."

"मी नको म्हणून सांगितलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "ते थांबायला तयार नव्हते. मी म्हटलं, नळ्या नकोत आता. तू फोनवर असतास तर दोघांनी मिळून ठरवलं असतं. असो. तुझा नाइलाज."

पहाटे आई गेली. तिकडची पहाट, आमची मध्यरात्र. हॉटेलात बायको माझी पाठ थोपटत होती, "असं अचानक कसं रे, ताई तर म्हणत होत्या ना स्थिर आहे म्हणून." मी तिला म्हटलं, आपण फिरायला आलो होतो हे ताईजवळ कधी बोलू नकोस, बरं दिसत नाही. तिने मान डोलावली. तिला ती साधी लाज वाटली.

सकाळी आम्ही परतलो आणि मी विमानाचं तिकीट काढलं. आता कार्डाचं काहीतरी करणं भाग होतं. ताईला कळवलं, खास बाब म्हणून आजच दिलं त्यांनी. रविवारी! जर्मनीत रविवारी साधं किराण्याचं दुकान उघडं नसतं. इथल्या शेंबड्या पोरालाही ही थाप कळली असती. सांगलीत पोचलो तेव्हा आमचे मामा चार माणसांत म्हणत होते, "सुट्टीच्या दिवशी कचेरी उघडून कागद दिला पोराला. याला म्हणतात सरकार. नाहीतर आपल्याकडे!" मी खाली मान घालून बसलो. दुःखाने, असं सगळ्यांना वाटलं.

अग्नी ताईने दिला होता, माझा निरोप पोचायच्या आधीच. मुलासाठी थांबू या, म्हणणारे होते. "त्याला येता येत नाही, त्याच्या हातात आहे का काही?" असं ताई सगळ्यांसमोर म्हणाली आणि पुढे झाली. हे मला मामींनी सांगितलं, कौतुकाने.

ताईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर ती उन्हाळ्यात आमच्याकडे आली. आल्या आल्या म्हणाली, "मला तुमचे राजवाडे नकोत. मला खचदरी दाखव." गट पर्वत आणि खचदरी, उदाहरणार्थ व्हॉस्जेस, ब्लॅक फॉरेस्ट आणि मधली ऱ्हाइनची दरी. आपण सगळ्यांनी परीक्षेत ते लिहिलेलं आहे. ताईने ते फळ्यावर किती वर्षं काढलं कुणास ठाऊक. बायकोला ऑफिस होतं, म्हणून मी, ताई आणि मुलगी असे स्ट्रासबुर्गला निघालो. कोल्मार मी मुद्दाम टाळलं.

नदीवरच्या पुलाच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली. एकीकडे या डोंगरांची निळी रेघ, दुसरीकडे त्या डोंगरांची. ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आहे की रे! मी पोरांना सांगायची ते अगदी तसंच आहे." आणि पलीकडच्या प्रांताचा इतिहास ऐकून म्हणाली, "म्हणजे हे यांचं बेळगाव!" मी पोटभर हसलो.

गाडी पुन्हा सुरू केली. मागच्या सीटवर मुलगी होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ताईने तिला विचारलं, "तू गं? तू पाहिलंयस का फ्रान्स?"

ती सरळपणे म्हणाली, हो, कोल्मार, छोट्या गाडीत बसलो होतो. आणि पुढे, "आल्स आजी गेश्टॉर्बन इस्ट."

म्हणजे, आजी वारली तेव्हा.

"काय म्हणाली? आजीचं काय म्हणाली?"

"म्हणते," मी रस्त्यावर नजर ठेवून बोललो, "आजी असती तर तिलाही तिथल्या छोट्या आगगाडीत बसवलं असतं."

ताईने वळून तिचा हात धरला. "गुणाची गं माझी," म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. आरशात मला मुलीचे डोळे दिसले. तिला मी काय केलं ते शब्दन् शब्द कळलं होतं.

स्ट्रासबुर्गला कॅथीड्रल पाहिलं, गुलाबी दगडाचं. ताई दगडावर बोट फिरवून "वालुकाश्म" म्हणाली. मग चालत एका मोठ्या गोल चौकात आलो. झाडांखाली महायुद्धाचं स्मारक आहे. दगडी आई, मांडीवर दोन मरणारी तरुण पोरं. एक जर्मनीकडून लढला, एक फ्रान्सकडून. कपडे दोघांच्याही अंगावर नाहीत, त्यामुळे कोण कुठला हे कळत नाही. मरताना दोघांनी एकमेकांचा हात धरलेला आहे.

"खाली काय लिहिलंय?"

"आमच्या मृतांना."

"बस? कुणासाठी मेले ते नाही लिहिलं?"

"लिहिणार काय?"

ताई बाकावर बसली. बराच वेळ मूर्तीकडे पाहत होती. मुलगी थोडी दूर उभी होती, पण ऐकू जाईल इतकीच दूर.

"तुझी एकदा माफी मागायची होती," ताई म्हणाली.

"माझी? कशाबद्दल?"

"त्या दिवशी मी नको म्हणाले ना. आणि दुसऱ्याच दिवशी तुझं कार्ड आलं. मी हो म्हटलं असतं, नळ्या लावू दिल्या असत्या, तर दोन दिवस ती राहिली असती. तुझी भेट झाली असती. रोज दिवा लावताना हेच येतं रे मनात. मी तुझी आई तुला भेटू दिली नाही."

ते रविवारचं कार्ड मी माझी कातडी वाचवायला रचलं होतं. इतकी वर्षं ताई त्यावरून स्वतःला फटके मारत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तिथे, त्या क्षणी बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी.

"असू दे गं, ताई," मी म्हणालो. "माझ्या मनात तसं काही नाही."

मी तिला माफ केलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मग हलकी झाल्यासारखी उठली. "चला," म्हणाली, "इथला तो कांद्याचा पातळ पिझ्झा खाऊ घाल बघू." जेवताना ती खुशीत होती. मुलीने ताटाला हात लावला नाही.

ताईला विमानतळावर सोडून परतताना मुलगी एवढंच म्हणाली, "झाग्स ईअर." सांग तिला. मी म्हटलं, सांगेन. तेव्हापासून जेवायच्या टेबलावर ताईचा व्हिडिओ कॉल आला की ती उठून आपल्या खोलीत जाते. बायको म्हणते, वयच आहे ते.

आता ती ताईला काही सांगणार नाही, ते काम माझं आहे हे तिला कळतं. हे लिहिलं म्हणून ते काम झालं असंही नाही.

मी ताईचं देणं लागतो. सांगलीला जाऊन, तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की मी येऊ शकत होतो, आलो नाही. तिचा फोन मी पाहिला होता, उचलला नाही. तिने माझ्यापासून काहीही हिरावलेलं नाही, आणि तिला माफ करण्याचा मला अधिकार नव्हता. हे मी अजून सांगितलेलं नाही.