दीड इंच आखूड पेटी

पेटी दीड इंचानं आखूड झाली. घाईत नाही, दोनदा मोजून, पेन्सिलीनं आखून, खाली स्वतःची सही ठोकावी इतक्या विश्वासानं झाली. करवत मुठीसकट सव्वीस इंच. वर अर्धा इंच मोकळी जागा धरून मी साडेसव्वीस इंचांच्या फळ्या कापल्या. चारी बाजू जोडल्या, तळ ठोकला, करवत आत ठेवायला गेलो तर मूठ काठावर अडकून बसली. दोन्ही टोकांच्या फळ्यांची एकेक इंच जाडी मी हिशेबात धरलीच नव्हती.

यात लाजण्यासारखं काही नव्हतं, फक्त मी नांदेडात पोरांना ड्रॉइंग शिकवतो. बाहेरचं माप वेगळं, आतलं माप वेगळं, मधे जाडी असते, हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो. खाली दोन रेघा ओढतो.

ज्या हत्यारांसाठी ही पेटी, ती माझ्या सासऱ्यांची. चाकूरजवळच्या खेड्यात त्यांनी जन्मभर सुतारकी केली. आमचंही घर सुतारांचंच, पण माझ्या वडिलांनी नोकरी धरली आणि आमच्या घराण्याचा हात तिथून पुढं खडूवर आला. सासऱ्यांच्या हाताला आता कंप सुटला होता. रंधा सरळ चालेना, तेव्हा त्यांनी काम थांबवलं. मुरुडचा एक मिस्त्री हत्यारं मागत होता. बायकोला ते कळलं आणि ती हत्यारं मागायला तडक गावी गेली. लहानपणी वडील कापायचे तेव्हा फळीचं दुसरं टोक धरून बसायचं काम तिचं असे. दोन भाऊ खेळायला पळायचे, ही फळी धरून. त्या करवतीचा आवाज तिला आईच्या हाकेइतका पाठ आहे.

सासऱ्यांनी हत्यारं दिली, पण अट घालून. फोनवर मला म्हणाले, “जावईबापू, हत्याराला घर लागतं. गोणीत हत्यार ऱ्हात न्हाई, गंजतं. पेटी करा. पन ह्याच हत्यारानं करा, मशीनवर न्हाई. आमच्यात शिकणाऱ्याचं पहिलं काम तेच ऱ्हायचं. खंडेनवमीला येतो. पेटी दिसली तर हत्यारं तिथंच, न्हाई तर गोणी उचलून मुरुडला.”

“मामा, तुम्ही निश्चिंत या,” मी म्हणालो. माझा आवाजच तसा आहे. त्यात शंका बसत नाही.

बायको एसटीतून गोणी घेऊन उतरली तेव्हा करवतीचं टोक बाहेर आलेलं होतं आणि शेजारच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. रंधे दोन, पटाश्या पाच, तासायचा वाकस, ठोकायची मोगरी, काटकोन बघायचा गुण्या आणि ती करवत. सगळ्यांच्या मुठी बाभळीच्या, हातानं घासून काळ्या तुळतुळीत झालेल्या. मी दुकानात फळ्या घ्यायला निघालो तर बायकोनं गच्चीकडं बोट दाखवलं. तिथं आमच्या लग्नात सासऱ्यांनी करून दिलेला सागवानी पलंग पाय मोडून पडला होता.

“त्याचंच लाकूड घ्या. पावसात सडून चाललाय.”

“पलंग तोडू? त्यांनी केलेला?”

“त्यांनीच केलेला, म्हणून पेटीला पुरेल.”

तर मी पलंग सोडवला आणि त्याच्या लांब फळ्या साडेसव्वीस इंचांवर कापल्या. म्हणजे आता पेटी चुकली म्हणून दुसरी लांब फळी कुठून आणणार? पलंग एकच होता.

रंधा मारायला मला तीन रविवार लागले होते. पहिल्या रविवारी पातं इतकं बाहेर काढलं की फळीतून खपली निघाली. दुसऱ्या रविवारी इतकं आत घातलं की मी नुसताच लाकडाला मसाज करून राहिलो होतो. गच्चीवर वाळवणं उचलायला आलेली बायको थांबून बघायची आणि वाळवणं घेऊन खाली जायची.

आखूड पेटी बघायलाही ती वर आली. खंडेनवमीला चार दिवस उरले होते. मी एक कल्पना मांडली. टोकाच्या फळीला भोक पाडू, करवतीची मूठ बाहेर राहील.

“कुत्र्याच्या घरातून शेपूट बाहेर राहतं तशी?” ती म्हणाली.

मी दुसरी मांडली. करवत तळाला तिरकी ठेवू. ठेवली. बसली. मग रंधे बसेनात.

ती उठली. पलंगाच्या उशाकडची रुंद फळी मी झाकणाला ठेवली होती. ती तिनं उलटी केली, करवत तिच्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आडवी टाकली आणि म्हणाली, “झाकणाला आतून लावा. दोन खिट्ट्या फिरवल्या की धरून राहील. खाली बाकी सगळं मावतंय.”

कर्ण! चौकोनात सगळ्यात लांब रेघ कोणती, हे मी पहिल्या नाही पण दुसऱ्या आठवड्यात शिकवतो. मी म्हणालो, “मी तेच म्हणणार होतो.” तिनं मान हलवली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात ही मान मला ओळखीची आहे.

खिट्ट्या बसल्या, बिजागऱ्या बसल्या, कडी लागली. झाकण मिटताना जरा कुरकुरतं, पण मिटतं.

खंडेनवमीला सासरे सकाळच्या गाडीनं आले. पाणीसुद्धा न पिता पेटीपाशी बसले. पूजेआधी हत्यारं मांडायची होती. झाकण उघडलं, तिरकी करवत बघितली.

“ही वर का टांगली?”

“जागा वाचावी म्हणून मामा. मुद्दाम.”

स्वयंपाकघरातून बायकोचा खोकला आला. सासऱ्यांनी खिट्ट्या फिरवून करवत काढली आणि तळाला सरळ ठेवून बघितली. मूठ काठावर अडकली.

“दीड इंच,” ते म्हणाले. त्यांना पट्टी लागली नाही. “फळीची जाडी इसरलात.”

गोणी दाराआड घडी करून ठेवली होती, ती मला तिथूनसुद्धा दिसत होती. सासऱ्यांनी पेटीच्या कडेवरून तळवा फिरवला, हळूहळू, पार टोकापर्यंत. हात थरथरत होता, पण थांबायच्या जागी बरोबर थांबत होता. खपली निघाली होती तिथं बोट टेकवून म्हणाले, “पन रंधा हातानंच मारलाय. मशीन असं वरखाली करत न्हाई.” आणि हसले. “झाकणातली करवत कुनाची अक्कल?”

“मी तेच…” एवढं माझ्या तोंडून आलं. मग “तुमच्या लेकीची,” म्हणालो.

त्यांनी मान डोलावून नुसतं “हाव” केलं. हत्यारांना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नसतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिला काप घ्यायचा. मी सकाळी अंघोळ करून, बाह्या वर करून तयार राहिलो. काप माझाच, पेटी मी केली होती. पलंगाचा उरलेला तुकडा पाटावर ठेवला.

सासरे करवत घेऊन आले आणि माझ्या पुढं केलेल्या हाताला वळसा घालून लेकीपाशी थांबले.

“धर बाई.”

“दादा, मी कधी करवत चालवली? मी आपली फळी धरायची.”

“धरली नव्हं इतकी वर्षं? आता दुसऱ्या बाजूला बस.”

ती बसली. करवतीचा पहिला घास अडखळला. सासरे म्हणाले, “दाबू नगं, ओढ.” मग आवाज सरळ झाला. फळीचं दुसरं टोक हललं तसं मी खाली बसून ते धरलं.

दुपारच्या गाडीला जाताना सासऱ्यांनी दाराआडची गोणी उचलली. मी पेटीसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी ती झटकली आणि रिकामीच आपल्या पिशवीत कोंबली. “शेंगा भरायला लई कामाची हाय,” म्हणाले.

त्यांना गाडीत बसवून आम्ही घरी आलो. बायको स्वयंपाकघरात गेली, डब्यांच्या वरच्या मोकळ्या भिंतीला वीत लावून उभी राहिली आणि मला हाक मारून म्हणाली, “अहो, हितं एक मांडणी करायची. माप मी घेते. तुम्ही फळी धरा, आणि धरताना बोलू नका.”