मागच्या स्पीकरचा आवाज

अनिल गेल्याचं मला ऑफिसात कळलं. डोंबिवलीहून त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, "दादा गेला... आंघोळीला जातो म्हणाला आणि दारातच खाली बसला." त्याला आता महिना झाला. त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं लिही, असं मित्र म्हणतात. अनिलबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच. जे आहे ते माझ्याबद्दलचं आहे.

आम्ही डोंबिवलीला एका वर्गात होतो. नववीत त्याने जुने भाग जमवून रेडिओ केला, तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मलाच बोलावलेलं. पुढे मी नोकरीला लागलो, ठाण्याला नौपाड्यात फ्लॅट घेतला. तो शहाडच्या एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात लागला. तिथल्या मागांच्या खडखडाटात त्याचा डावा कान जवळजवळ गेला, उजव्यालाही बारीक आवाज कळेनासा झाला. नोकरी सोडून तो घरीच दुरुस्तीची कामं करू लागला.

केबल नुकती घरोघरी येत होती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या मेव्हण्याने दुबईहून मुलीसाठी व्हिडिओ गेम आणला. आवाज चारी बाजूंनी येतो म्हणे, पण माझ्याकडे होता वडिलांच्या वेळचा रेडिओ-रिसीव्हर, मागे गोल पाच पिनांचं सॉकेट असलेला. गेमच्या डाव्या-उजव्या आवाजाच्या लाल-पांढऱ्या तारा त्यात बसेनात. अनिल म्हणाला, "पिन मी बनवतो. आणि मागे दोन स्पीकर असे जोडतो की डाव्या-उजव्या आवाजात जो फरक असेल, तेवढाच मागून येईल. नवीन मशीन कशाला हवं?" तीन रविवार तो सोल्डरिंग गन घेऊन आला. तिसऱ्या रविवारी आमचे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. हॉलभर तारा, सोल्डरिंगच्या राळेचा वास, आणि सोफ्यामागे अनिल ओणवा.

"इथे खुर्चीत बस," तो म्हणाला. "मागून येतंय का सांग. माझ्या कानाचं तुला माहीत आहे, मी तुझ्या भरवशावर आहे."

मी बसलो नाही. दारातूनच म्हणालो, "येतंय रे, झकास येतंय."

"नक्की?"

"अरे हो, किती वेळा विचारशील!"

त्याचा चेहरा असा खुलला... त्याने सगळं आवरलं, पिशवी उचलली. जेवायला थांब, असं मी म्हटलं नाही.

दोनेक महिन्यांनी त्याचा फोन आला. कल्याणच्या एका व्हिडिओ गेम पार्लरवाल्याला त्याने माझ्या घरच्या कामाबद्दल सांगितलेलं, आणि तसंच काम मिळवलेलं. "उद्या उद्घाटन आहे, आणि मालक म्हणतो मागचे स्पीकर मुके. सगळं तपासलं. पिन तुझ्याकडे बसवली तशीच आहे, त्यामुळे ती उघडलीच नाही. तुझ्याकडे चालतंय ना रे?"

"चालतंय की," मी म्हणालो. "तिकडे तुझंच काहीतरी चुकत असेल."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी गेम सुरू केला आणि पहिल्यांदा मागच्या स्पीकरला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. अनिलच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. पार्लरवाल्याने चार लोकांसमोर त्याला "बहिऱ्याने आवाजाची कामं घेऊ नयेत" असं सुनावलं, हे त्याच्या भावाकडून नंतर कळलं. त्यानंतर अनिल इस्त्र्या आणि मिक्सर तेवढे दुरुस्त करायचा. आमच्या भेटी होत राहिल्या. त्याने तो विषय काढला नाही, मीही नाही. हॉलमधल्या त्या खुर्चीत बसायचं मात्र मी टाळू लागलो.

त्याला पोचवून आलो त्या दिवशी मीना, माझी बायको, म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. कल्याणचं ते झाल्यावर अनिलभावजी इथे येऊन गेलेले. दुपारी, तू ऑफिसात असताना. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, वहिनी, खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही. मी सांगितलं, मागून काहीच येत नाही. मग त्यांनी ती पिन उघडली आणि स्वतःशीच हसले. म्हणाले, डाव्या-उजव्या दोन्ही तारा मी एकत्रच जोडल्या, फरक उरणार कुठून! जुन्या रेडिओची सवय... नीट करून गेले. जाताना म्हणाले, त्याला सांगू नका, उगाच ओशाळेल."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या घरात मागून आवाज येत होता. मुलीने ऐकला, मीनाने ऐकला.

त्यानंतर मी दोनदा डोंबिवलीला गेलो. त्याचं टेबल खिडकीशी तसंच आहे. त्यावर लोकांच्या इस्त्र्या, प्रत्येकीला त्याच्या अक्षरात नावाची चिठ्ठी. त्याची बायको, सुधावहिनी, एकेकाला बोलावून वस्तू परत देतात. दुसऱ्या खेपेला चहा देताना त्या म्हणाल्या, "तुमच्या घरच्या कामाचं फार कौतुक होतं हो त्यांना. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे." मी चहा पिऊन परत आलो.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती त्यांच्याकडे येते. त्या वाचतील. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, त्यांनी दार उघडलं तर.