नवनाथ आपलाच आहे

रोहिदास खिलारेची पेन्शन बँकेत जमा झाली की ती सगळ्यांत आधी फायनान्सवाल्यांना कळायची, मग किराणावाल्याला, आणि सगळ्यांत शेवटी रोहिदासला. हे कसं व्हायचं ते देव जाणे. पण दिघीतल्या त्या चाळीत त्याला ‘पैसे आले वाटतं’ असं कुणी विचारलं की तो निमूट बँकेची वाट धरायचा आणि पैसे खरंच आलेले असायचे.

पेन्शन म्हणजे सरकारी नोकराची ऐटबाज पेन्शन नव्हे. रोहिदास चाकणला एका कंपनीत पॉवर प्रेसवर होता. गाड्यांच्या दारात बसणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या काढायचा. एका दुपारी प्रेस खाली आली तेव्हा त्याचा उजवा हात आत होता. अंगठा वाचला, बाकीची चार बोटं गेली. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, बोर्डानं त्याची कमाईची निम्मी ताकद गेली असं ठरवलं आणि त्या मानानं महिन्याची रक्कम बांधून दिली. कंपनीनं ‘हलकं काम देऊ’ म्हणत काही महिने झुलवलं आणि मग हात जोडले. जोडायला कंपनीकडे दोन्ही हात होते.

पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून तो दिव्यांगाच्या दाखल्यासाठी दुसऱ्या एका बोर्डापुढे बसला. तो दाखला मिळाला की पालिकेची मदत आणि बसचा पास मिळतो असं ऐकलं होतं. पण तिथलं गणित वेगळं निघालं आणि पाहिजे होते तेवढे टक्के त्याला मिळाले नाहीत. अपंगाच्या परीक्षेतसुद्धा नापास झाला म्हणून चाळीत त्याची थट्टा झाली. त्यानंही हसून घेतलं. दुसरं काय करणार होता तो?

हात गेला, पण हात शाबूत असताना घेतलेली कर्जं काही कुठे गेली नव्हती. मोटारसायकल तर फायनान्सवाल्यांनी उचलूनही नेली होती, तरी राहिलेल्या रकमेसाठी त्यांचे फोन चालूच होते. फोन उचलला नाही की दोन जण चाळीच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे आणि ‘खिलारे मामा, घरात आहात का’ असं सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या प्रेमानं विचारायचे. बायको दिपाली हिच्या नावावर बायकांच्या ग्रुपचं कर्ज होतं. त्यात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका येऊन तिच्या घरात बसायच्या. भांडायच्या नाहीत, नुसत्या बसून राहायच्या. दिपालीनं केलेला चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. त्या न घेतलेल्या चहाच्या कपांची दिपालीला फायनान्सवाल्यांच्या शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटायची.

मग हिशेब सोपा होता. जो मोठ्यानं ओरडेल त्याला आधी. त्याच्याहून कमी ओरडेल त्याला नंतर. आणि जो ओरडतच नाही, त्याला काहीच नाही. या शेवटच्या रांगेत एकच माणूस होता, नवनाथ गोपाळे.

नवनाथ शेजारच्या प्रेसवरचा गडी, खेडकडचा. कामगारांच्या पतपेढीतून रोहिदासनं कर्ज काढलं तेव्हा तो जामीन राहिला होता. कंपन्यांतल्या माणसांत जामीन राहण्याची एक रीत आहे. चहाच्या सुट्टीत कागद पुढे येतो, ‘सही टाक रे’ म्हणतात, आणि ग्लास खाली न ठेवता सही टाकायची असते. किती रकमेला, कशासाठी, हे विचारलं तर समोरच्याचा अपमान होतो. आज मी तुला, उद्या तू मला. रोहिदासनंही अशा कितीतरी सह्या टाकल्या होत्या. त्याच्या कर्जाला तीन जामीन होते. त्यातला एक नोकरी सोडून गावी गेला, दुसरा कंपनी बदलून कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. रोहिदासचा पगार थांबल्यावर पतपेढीनं उरलेल्या एकट्याच्या पगारातून हप्ता कापायला सुरुवात केली. म्हणजे नवनाथच्या.

वर्ष होऊन गेलं. नवनाथ एकदाही दिघीला आला नाही, त्याचा फोन आला नाही. आणि दर महिन्याला पैसे वाटून संपले की रोहिदास दिपालीला म्हणायचा, “नवनाथचं बघू पुढल्या महिन्यात. तो आपलाच हाय.”

‘आपलाच आहे’. केवढे गोड शब्द! लग्नाची पत्रिका द्यायची राहिली, तो आपलाच आहे. उसने घेतलेले परत करायचे राहिले, तो आपलाच आहे. ज्याला बुडवलं तरी चालतं त्याला आपण आपला म्हणतो, आणि वर त्यानं त्याचा मान मानून घ्यावा अशी अपेक्षा ठेवतो. रोहिदास काही लबाड माणूस नव्हता. पण हे शब्द तोंडातून गेले की त्याला त्या महिन्यापुरती झोप लागायची, हेही खोटं नाही.

या वर्षी हयातीचा दाखला द्यायला उशीर झाला आणि पेन्शन तीन महिने अडकली. ते तीन महिने दिपालीनं एका मेसमध्ये चपात्या लाटून काढले. आता थकलेली सगळी रक्कम एकदम येणार होती. त्या रकमेवर चाळीतल्या मांजरापर्यंत सगळ्यांचा डोळा होता. अशात एक दिवस मॅगझिन चौकाच्या बाजारात त्याला धनेश भेटला, जुन्या कंपनीतला, अजून तिथेच असलेला.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर धनेश म्हणाला, “नवनाथचं कळलं का तुला? पोरीला नर्सिंगला नंबर लागलाय त्याच्या, मिनलला. फी भरायला पतपेढीत कर्ज मागायला गेला, तर नाही म्हणाले.”

“का?”

धनेशनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “का म्हणजे? तू थकबाकीदार, तो तुझा जामीन. त्याला कोण देणार? येत्या सोमवारी शेवटची तारीख आहे फीची. डबल शिफ्ट मारतोय बिचारा, पण ओव्हरटाइमनं किती जमणार?”

“माझ्याबद्दल काय म्हणला का?”

“तो काय बोलतोय भावा. मागं एकदा एवढंच विचारलं, रोहिदासची पेन्शन नीट चालू झाली का म्हणून.”

रोहिदास भाजी न घेताच घरी आला. आयुष्यात त्याला इतकी लाज वाटली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, शिव्यांची सवय होती.

त्यानं दिपालीला सांगितलं, “या बारीची सगळी पेन्शन नवनाथला. पतपेढीत भरली तर जुन्या हप्त्यात जिरून जाईल, पोरीची फी तशीच राहील. त्याच्या हातात नेऊन देतो.”

दिपाली परातीतलं पीठ मळत होती. “ग्रुपच्या बायका येतील की गुरुवारी.”

“येतील.”

“तुम्ही बाहेर जाऊन बसताव. घरात मी असते.”

  शेवटी तीच गुरुवारच्या आधी उठून गोजाबाईकडे गेली. गोजाबाई म्हणजे ग्रुपची म्होरकी, जिभेची तिखट. तिनं दिपालीला उंबऱ्यातच उभं करून, चार बायका ऐकतील अशा बेतानं, तिच्या नवऱ्याच्या हातापासून माहेरच्या वळणापर्यंत सगळं काढलं, आणि मग त्या आठवड्याचा हप्ता स्वतःच्या कनवटीचा घातला.  पैसे आले त्या दिवशी तीच रोहिदासबरोबर बँकेत गेली. फायनान्सवाल्यांचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाऊन जे वाचलं ते काढून तिनं रुमालात बांधलं आणि त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. डाव्या हातानं त्याला तो खिसा नीट गाठता येत नसे.

रविवारी दुपारी रोहिदास चाकणला गेला. कंपनीत रविवारीही शिफ्ट होती. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. गेटसमोरच्या टपरीवर तो उभा राहिला. नेहमीप्रमाणे उजवा हात खिशात घातला, मग काहीतरी वाटून बाहेर काढला. नवनाथपासून काय लपवायचं?

शिफ्ट सुटली आणि नवनाथ बाहेर आला. वाळला होता. दुसऱ्या शिफ्टला परत आत जायचं होतं म्हणून गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. रोहिदासला बघून तो मनापासून हसला.

“कधी आला राव? आन् उन्हात का उभा?”

चहा आला. रोहिदासनं डाव्या हातानं कसाबसा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. “मिनलच्या फीचे धर. उरलेले देतो हळूहळू. मला लई आधी द्यायला पाहिजे हुते.”

नवनाथनं रुमाल उघडला नाही, नुसता हातात तोलून पाहिला. त्याचे डोळे भरून आले होते. “पेन्शनचे व्हय?”

रोहिदास मोठ्या अभिमानानं हो म्हणणार होता. दर महिन्याला येतात, आता तुझं सगळं फिटेल, असं सगळं सांगणार होता. पण नवनाथच पुढे बोलला, हळू आवाजात, चहाकडे बघत.

“बरं झालं आलास. मला तुला एक इचारायचंच व्हतं. तुला चार बोटांचं निम्मं धरलं न्हाई का?”

“हा.”

“मंग एका बोटाचं काय धरत असतील? करंगळीचं?”

रोहिदास हसला. प्रेसवाल्यांत अशा थट्टा चालतात. पण नवनाथ हसला नाही.

“डाव्या हाताची म्हंतो मी. करंगळी तशी कशाला लागत न्हाई आपल्याला. मी बघितलंय, तिच्याशिवाय पट्टी धरता येती. थोडं का व्हईना, पण मरस्तोवर येत राहतंय न्हवं? पोरीचं शिक्षण चार वर्षं हाय. तू त्या बोर्डापुढं बसलेला माणूस, तुला म्हाईत आसंल, म्हणून इचारतो.”

त्यानं डावा हात टपरीच्या फळीवर ठेवला होता आणि करंगळी बाकीच्या बोटांपासून जराशी बाजूला धरली होती. तो हे नुसतं बोलत नव्हता. त्यानं हिशेब मांडला होता, फक्त एक आकडा त्याला कमी पडत होता आणि तो रोहिदासला पाठ होता. बोर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून सगळ्यांनाच कुठल्या बोटाचे किती ते पाठ होतं.

 ‘येडा झालास का’ म्हणावं तर वर्षभर ज्याचा पगार खाल्ला त्याला हे म्हणायचं कुठल्या तोंडानं? दर महिन्याला पडणारी पेन्शन तर नवनाथच्या हातात रुमालात बांधून दिली होती. तिच्याकडे बघूनच त्याची करंगळी बाजूला सरकली होती.

“कसली पेन्शन घेऊन बसलास,” रोहिदास म्हणाला. “बंद झाली ती.”

“बंद?”

“चार महिने झाले. वर्षभर देतेत आन् मग काही ना काही काढून बंद करतेत. एका बोटाला तर काहीच देत न्हाईत. अर्ज घेतच न्हाईत. माझ्यासंग तसले दोघं हुते, रिकाम्या हातानं गेले.”

नवनाथनं विचारलं, “मग घर कसं चालतंय?”

“दिपाली करती. चपात्या लाटायला जाती.”

“आन् हे?” नवनाथनं रुमाल वर केला.

रोहिदासला सुचलं ते तो बोलून गेला. “तिची पोत मोडली.”

बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. नवनाथनं रुमाल परत त्याच्यापुढे धरला होता.

“न्हाई राव. तिच्या गळ्यातलं मोडून मी पोरीची फी भरू? आमी न्हाई घ्यायचो हे.”

“घे रे. तिनंच पाठवलंय. उद्या शेवटची तारीख हाय.”

“तारीख मला म्हाईत हाय.” नवनाथचा आवाज पहिल्यांदाच चढला. “वर्षभर मी मनाला सांगत व्हतो, रोहिदासची पेन्शन नीट झाली की तो येईल. आता पेन्शन न्हाई म्हंतोस, बायकोच्या जिवावर बसलोय म्हंतोस. मंग माझा पगार कापतच राहनार. राहू दे. पण तिची पोत परत करून दे आधी.”

त्यानं रुमाल रोहिदासच्या शर्टाच्या आतल्या खिशात स्वतःच्या हातानं घातला. एक शब्द खरा बोलला की काम होणार होतं. पेन्शन चालू आहे, दिपालीची पोत तिच्या गळ्यात आहे, एवढंच म्हणायचं होतं. नवनाथनं पैसे घेतले असते, मिनलचं नाव कॉलेजात लागलं असतं. आणि मग दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी, तिसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी, नवनाथ करंगळी पुढे करून प्रेससमोर उभा राहिला असता.

भोंगा झाला. नवनाथनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

“एका बोटाला खरंच काही न्हाई?” त्यानं जाता जाता विचारलं.

“खरंच न्हाई.”

“बरं,” नवनाथ म्हणाला, आणि मागे न बघता गेटमधून आत गेला.

रोहिदासनं दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि तो बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला. घरच्या वाटेची आळंदीची बस आली, गेली. दिपाली विचारेल, घेतले का त्यानं? गोजाबाईच्या उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईला काय सांगायचं, ते दुसरी बस येईपर्यंत त्याला ठरवायचं होतं.