आबांच्या कळपाचा हिरवा ठिपका

केडगावला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत माझ्याच क्रीमच्या परत आलेल्या पाच डब्या होत्या. शेवाळाचा हिरवा अर्क घातलेलं हे क्रीम आठवडाभरात तपकिरी पडायचं. रंग गेला की त्वचेला जपणारे अँटिऑक्सिडंटही गेले. आणखी एक खेप परत आली असती तर धंद्याला कुलूपच.

इनामगावच्या विमलताईंनी फोनवर उपाय सांगितला होता. अर्क खसखशीएवढ्या मण्यांत कोंडायचा, मग ऊन-वारा बाधत नाही. खात्रीसाठी त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी दोन बरण्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या होत्या, एकीत नुसता अर्क, दुसरीत मणी. वडापनं (जागा संपल्यावर भरू लागणारी जीप) मी घोड नदीकाठी त्यांच्या शेडवर पोहोचलो.

शेडमध्ये टाक्यांतून शेवाळ पिकत होतं. फवारणीच्या कोऱ्या पंपातून अर्क आणि डिंकाचं मिश्रण चुन्याच्या क्षाराच्या पाण्यावर उडवलं की थेंब जागीच घट्ट होतात. बघून मी खूश झालो. मग शिडी लावून वर गेलो, तर दोन्ही बरण्या चाटूनपुसून रिकाम्या.

विमलताईंचा चेहरा उतरला. माझी ऑर्डर मिळाली नाही तर टाक्या मोडून तिथं पुन्हा कांदा येणार होता. त्यांचे सासरे, आबा, शांतपणे तंबाखू मळत होते. घरची मेंढरं आता चारच उरली, पण पाठीवर ओळखीच्या रंगाची खूण नसलेलं मेंढरू आबांना बघवत नाही.

"रंग दिसला, ठेवला त्याच दिशी लावला," आबा म्हणाले. "एक बरणी सरली तवा दुसरी घेतली."

मला हसावं की रडावं कळेना. आम्ही वाघुरीकडं (मेंढरांचं जाळीचं कुंपण) गेलो. पंधरा दिवस उन्हात हिंडलेल्या दोन मेंढ्यांच्या पाठीवर तपकिरी डाग होते. उरलेल्या दोघींवरचा ठिपका हिरवागार होता.

"ह्यो दुसरा रंग चांगला हाय," आबांनी निकाल दिला. "आनखी पायजे."

मी तिथंच ऑर्डर दिली. विमलताईंनी डोळे पुसले आणि मण्यांची ताजी बरणी दिली. आबांनी ती उघडून नीट तपासली, मग निघताना मायेनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

परतीच्या गाडीत लोक माझ्याकडं बघून हसत होते. ऑर्डरच्या आनंदात मी त्यांच्याकडं बघून हसत राहिलो. घरी बायकोनं शर्ट काढायला लावला. पाठीवर वाटीएवढा हिरवा ठिपका.

शर्ट तीन आठवडे गॅलरीत उन्हात टांगला. काल विमलताईंना फोन केला, तर आबांनीच तो घेतला.

"खूण हाय न्हवं अजून?"

"आहे, आबा."

"मंग दुसऱ्याच्या कळपात जाऊ नगा."