मागच्या दिव्यांचे साळवेमामा

कुणी पिकअप घेऊन आलं आणि "मागं जरा जास्तीचे दिवे बसवायचेत" असं म्हणालं, की साळवेमामा हातातली पक्कड खाली ठेवत, गाडीच्या मागे जात आणि दोन हात अंतर सोडून चक्क उकिडवे बसत. मग तिथूनच हुकूम सुटे, "टाका रिव्हर्स." गाडीत बसलेला माणूस गिअरला हात लावायला धजत नसे. मीही धजले नव्हते. तेव्हा मामा शांतपणे म्हणाले होते, "पाय ब्रेकवरच ऱ्हाऊ द्या ताई. बायकोनं घरी भाकरी थापल्यात, वाया जातील."

चिकलठाण्याला कारखान्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पत्र्याची शेड, एक लाकडी टेबल, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि छताला लोंबणाऱ्या रंगीत वायरी. मामा साठीच्या घरातले, काटकुळे. खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर असा खोचलेला असे, की जणू कंगवाच. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता, पण त्यांच्याकडून काम करून घेणं सोपं नव्हतं. गिऱ्हाइकाने "लई पॉवरचा दिवा लावा" म्हटलं की मामा विचारत, "कशाला? मागं लग्नाचा मांडव हाय का?" जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड, हे त्यांना मान्यच नव्हतं. "उजेड जमिनीवर पाडायचा असतो, माणसाच्या डोळ्यात नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं असेल.

एकदा माझ्यासमोरच एकजण आला. त्याला मागच्या दिव्यांना वेगळं बटण हवं होतं. गाडी पुढे जातानाही दिवे लावता येतील आणि मागून चिकटून येणाऱ्याचे डोळे दिपतील, अशी त्याची योजना होती. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुकान बंद हाय." सकाळचे अकरा वाजले होते, शटर पुरतं वर होतं आणि मामांच्या हातात वायरींना डाग द्यायची तापलेली सोल्डरिंग गन होती. तो माणूस दोन मिनिटं उभा राहून निघून गेला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बसा ताई, उघडलं आता."

मी त्यांच्याकडे कशी पोचले, ते सांगायला हवं. खुलताबादच्या अलीकडे, चढावर आमची रोपवाटिका आहे. नवरा चिकलठाण्याला कारखान्यात, त्याची पाळी कधी सकाळची तर कधी दुपारची. म्हणून पिकअप माझ्या गळ्यात पडली. उन्हं चढायच्या आत रोपं शहरात, उस्मानपुऱ्यात पोचवली नाहीत तर माना टाकतात, त्यामुळे गाडी पहाटेच भरावी लागते. थंडीत तर सहा वाजले तरी मिट्ट काळोख. मी गाडी पुढे झकास चालवते. मागे घेताना मात्र माझं डावं-उजवं एक होतं. म्हणून सासरे, आप्पा, हौद्याच्या बरोबर मागे उभे राहून मला गाडी मागे घ्यायला लावत. बाजूला उभे राहा म्हटलं तर म्हणत, "मागं उभं ऱ्हायल्याबिगर मागचं दिसंल कसं?" बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं मागे घेतलेला माणूस. त्यांच्यापुढे सुनेचं काय चालणार?

आप्पांची एक रीत होती. सगळं ठीक असेल तोवर ते गप्प राहत आणि थांबायची वेळ आली की "बास" म्हणत. म्हणजे आवाज नाही तोवर गाडी येऊ द्यायची. घरातल्या प्रत्येकाने त्यांच्याबरोबर असंच काम केलं होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण आप्पांची सत्तरी उलटून गेली होती, पाय जड झाले होते, आणि मला रोज पहाटे एकच धास्ती असे, की एक दिवस माझ्याच हातून हा माणूस चाकाखाली जाणार. मूळ गाडीचे मागचे दिवे म्हणजे नुसते मिणमिणते. त्यावर उपाय म्हणून मी शहरातून, दुकानदार नको म्हणत असताना, सगळ्यात मोठा दिवा बसवून आणला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रिव्हर्स टाकला आणि तो झोत थेट आप्पांच्या तोंडावर पडला. त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले, बाजूला सरकले आणि ठिबकच्या नळीच्या वेटोळ्यात पाय अडकून पडले. मला आरशात पांढऱ्याफट उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं. आवाज आला नाही, म्हणून मी येत राहिले. कुंड्या फुटल्याचा आवाज झाला तेव्हा ब्रेक दाबला. धावत मागे गेले तर आप्पा चाकापासून वीतभर अंतरावर फुटक्या कुंड्यांत बसलेले. मला बघून म्हणाले, "चार कुंड्या गेल्या." मी तिथेच मातीत बसून रडले. नवऱ्याने त्याच दिवशी तो दिवा काढून टाकला आणि मला साळवेमामांचा पत्ता दिला.

मामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या सासऱ्यांना घिऊन या. माणूस बघितल्याबिगर दिवा कसा बसवू?" मला वाटलं, चेष्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी आप्पा फेटा बांधून आले, तर मामांनी त्यांना खरोखरच गाडीमागे उभं केलं. चुन्याची फक्की घेऊन जमिनीवर रेघ मारली आणि दोन लहान दिवे बंपरच्या खाली, तोंड जमिनीकडे करून बसवले. दिवे उंचावर लावले नाहीत, कारण तिथून उजेड आप्पांच्या डोळ्यांत जात होता. रिव्हर्स टाकला की दिवे लागत, गिअर काढला की विझत. मागची जमीन, दगड, नळी, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "चला, आता आप्पांना पहाटे उठायची गरजच नाही."

आप्पा फेटा सारखा करत दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मला माझी चूक कळली, पण शब्द तर निघून गेला होता. मामांनी दोघांकडे पाहिलं, मग खोक्यातून तिसरा, अगदी छोटा दिवा काढला आणि तो गाडीच्या उजव्या कडेला, चालकाच्या अंगाला बसवला. त्याचा उजेड जिथे पडला तिथे फक्कीने गोल काढला आणि बाहेर जाऊन आप्पांना म्हणाले, "काका, या हिकडं. तुमची जागा ही. हितं उभं ऱ्हायलं की ताईला आरशात फेट्यापासून वहाणंपर्यंत दिसता. मागं नाय उभं ऱ्हायचं."

"हितनं मागचं दिसतंय का पर?" आप्पांनी विचारलं.

"बघा की."

आप्पांनी गोलात उभं राहून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "व्हय," म्हणाले, "दिसतंय."

मग मामांनी त्यांना गाडी मागे घ्यायची रीत विचारली, आणि आप्पांनी ती सांगितली तेव्हा मामा कपाळाला हात लावून हसले. "काका, वायर तुटली की दिवा विझला पायजे. तुमच्यात वायर तुटली तरी दिवा चालूच. तुम्ही पडलात, तुमचा आवाज गेला, आन गाडी येतच ऱ्हायली. आता उलटं करा. गाडी चाललीय तवर 'येऊ दे, येऊ दे' म्हणत ऱ्हायचं. आवाज बंद, गाडी बंद." आयुष्यभराची रीत एका वायरिंगवाल्याने मोडायला सांगितली, तरी आप्पा रागावले नाहीत. उलट घरी येईपर्यंत गाडीत बसून "येऊ दे"चा सराव करत होते.

दोन दिवसांनी मामा पहाटे स्वतःच्या जुन्या मोपेडवर आमच्याकडे हजर. एवढ्या थंडीत, कान मफलरने बांधून. "दुकानात जमीन सपाट हाय, तुमच्याकडं चढ हाय. बघितल्याबिगर झोप नाय लागली," म्हणाले. स्क्रू सैल करून दिव्यांची तोंडं बोटभर खाली केली आणि बाजूला बसले. आप्पा छोट्या दिव्याच्या उजेडात उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायला लागले. मधेच फेट्याचं टोक तोंडावर आलं म्हणून ते गप्प झाले. मला मागची जागा लख्ख दिसत होती, मी येत राहिले. मामा उठून खिडकीशी आले.

"आवाज आला का ताई?"

"नाही. पण दिसत होतं की मला."

"दिवे मी लावलेत. त्यात काय दिसतं आन काय नाय, ते मला ठावं हाय. आवाज नाय, तर गाडी नाय."

ते रागावले नव्हते, पण मी शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली आणि गाडी पुन्हा पुढे नेऊन पहिल्यापासून मागे घेतली. नंतर मामा आणि आप्पा शेकोटीपाशी चहा पीत बसले. मी निघाले तरी त्यांच्या गप्पा चालूच होत्या. जाताना मामांनी आमच्याकडून मोगऱ्याचं एक रोप नेलं आणि त्याला पाणी किती घालायचं, हे आप्पांना तीनदा विचारून घेतलं.

त्यानंतर चार हिवाळे गेले. आप्पांच्या अंगाला साधा ओरखडाही आला नाही. मामांकडे वर्षातून एकदोनदा जाणं होई, कधी फ्यूजसाठी, कधी नुसतंच, वाट वाकडी करून. ते आधी आप्पांची चौकशी करत आणि मग गाडीची. मी त्यांना कधी धन्यवाद म्हटलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, पण म्हणायला हवं होतं, असं आता फार वाटतं.

परवा गेले तर दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, मामा आठवड्यापूर्वी गेले. दुपारी जेवून पडले आणि उठलेच नाहीत. घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि ताटावरून उठले.

आज पहाटे मी रिव्हर्स टाकला. दिवे लागले. आप्पा उजव्या बाजूच्या उजेडात येऊन उभे राहिले, पण बोलेनात. मागची जमीन पार भिंतीपर्यंत लख्ख दिसत होती, वाटेत काही नव्हतं. मी ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले. आरशात दिसत होतं, आप्पा फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "येऊ दे."