खुन्याची पावलं टाकणारी बाई

चार वर्षांत आमच्या रेडिओवरच्या कार्यक्रमात दीडशेच्या वर खून पडले आणि त्यातले बहुतेक आर्डिस लुंडक्विस्टने केले. कोबीच्या गड्ड्यात सुरी खुपसून, ओल्या टॉवेलवर सोटा हाणून, वेळ पडली तर स्वतःच्या मांडीवर थापटी मारून. मी ऑर्गन वाजवायचो. प्रेत पडलं की एक दचकवणारा सूर धरायचा आणि लगेच साबणाच्या जाहिरातीचं गोड गाणं सुरू करायचं, एवढीच माझी अक्कल. तरी शिकागोत लोक मला ओळखायचे आणि तिला कोणी ओळखायचं नाही. या गोष्टीची चीड मला तेव्हाही होती आणि आजही आहे.

बाई मूळची विस्कॉन्सिनमधल्या गोठ्यातली. हाडापेराने थोराड. पायात पुरुषांचे बूट, कारण बायकांचे तिच्या मापाचे मिळतच नसत. स्टुडिओत ती संहितांच्या प्रती काढायला लागली होती. बेचाळीस साली आवाजांचं टेबल सांभाळणाऱ्या चेस्टर डालला लष्कराचं बोलावणं आलं आणि त्याच्या जागी ठेवलेला माणूस पहिल्याच दिवशी मेघगर्जनेसाठी हलवायचा पत्रा पायावर पाडून घेऊन दवाखान्यात गेला. प्रक्षेपणाला तासभर उरला होता. आर्डिस शाईचे हात पुसत आली आणि म्हणाली, "प्रती मीच काढल्यात. कुठे काय वाजायचं ते मला पाठ आहे. सरका."

ती सरकवून उभी राहिली ती राहिलीच.

बाकीचे आवाज कोणीही शिकेल. स्टार्चची पिशवी दाबली की बर्फात चालल्यासारखं वाटतं, हे मलाही जमेल. पण आर्डिस चालायची, ते कोणालाच जमलं नसतं. आमचा डिटेक्टिव्ह ऑगस्टस पाइन कसा चालतो, दारू प्यायलेला वकील कसा चालतो, नवऱ्याला विष घालून आलेली बायको जिना कशी उतरते, हे सगळं ती टेबलाजवळच्या लाकडी फळीवर एकाच जागी उभी राहून पायांनी सांगायची. तिला म्हटलं, की छान झालं, तर म्हणायची, "झालंच. वाईट करायला कशाला येऊ?" तिच्या या तोऱ्यावर मी फिदा होतो. लपवण्यात काय अर्थ आहे?

सेहेचाळीसच्या मार्चमध्ये चेस्टर परत आला. भला माणूस. ते टेबल, ती फळी, ती दारांची चौकट, सगळं त्याच्याच हातचं. साबण कंपनीच्या वतीने आमच्यावर देखरेख करणारे मिस्टर प्रुइट लगेच म्हणाले, "युद्ध संपलं. बाईंचे आभार मानू या आणि माणसाची जागा माणसाला देऊ या."

आम्ही सगळे बुटांकडे बघत बसलो. आर्डिस मात्र बघत नव्हती.

"टेबल त्याने बांधलं हे कबूल," ती म्हणाली, "पण चार वर्षं राबले मी. रविवारी खेळ दोनदा होतो ना? साडेचारचा पूर्वेकडच्यांसाठी मी करते, साडेसातचा, घड्याळं मागे असलेल्या पश्चिमेकडच्यांसाठी, चेस्टर करील. नाटक तेच, नट तेच. तुम्ही काचेमागच्या खोलीत पाठ फिरवून नुसतं ऐका आणि ठरवा. तुम्ही म्हणाल त्याची जागा."

"तुम्ही हरलात तर?"

"तर प्रती काढीन. पण तशी वेळ यायची नाही."

प्रुइटना मौज वाटली. ते हो म्हणाले. चेस्टर नुसता हसून मान हलवत राहिला.

त्या रविवारच्या नाटकाचा शेवट चालण्यावरच होता. पाइन अंधाऱ्या खोलीत दबा धरून बसलाय. बाहेर पावलं वाजतात, एक टाच, एक ओढलेला पाय, मग काठी. शब्द एकही नाही. त्या चालीवरून त्याने आणि घरोघरच्या श्रोत्यांनी खुनी ओळखायचा. साडेचारला आर्डिसने ते असं केलं, की ठाऊक असूनही मी वळून दाराकडे बघितलं.

मधल्या वेळात आम्ही कोपऱ्यावरच्या ग्रीकाच्या खाणावळीत जेवायला गेलो. रेडिओत वाचून झालेलं पान नट आवाज न करता गालिच्यावर सोडून देतात. दुसऱ्या खेळाआधी ती पानं गोळा करून पुन्हा लावायची असतात. पाइनचं काम करणारा हॉलिस ब्रँट हे काम नेहमी जेवताना करायचा. एका हाताने पाकातल्या चेरी खायच्या आणि दुसऱ्या हाताने पानं लावायची.

"हॉलिस, पाक सांडतोय," मी म्हटलं.

"तू तुझं सूप सांभाळ, पेटीवाल्या," तो म्हणाला.

साडेसातला चेस्टर टेबलाशी, फळीवर उभा राहिला. आर्डिस माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. चेस्टरचा हात बसलेला होता, यात शंका नाही. दारं, टेलिफोन, काच फुटणं, सगळं चोख. मी तिच्याकडे बघितलं. ती हाताची घडी घालून म्हणाली, "चांगला आहे."

शेवटाकडे येताना हॉलिसने पान सोडलं. दोन पानं पाकाने चिकटून एकदम खाली गेली होती. मोटारीचा अख्खा प्रवेश गाळून त्याने सरळ अंधाऱ्या खोलीतली कुजबुज सुरू केली, "दिवा घालवा. तो येतोय." बाकीच्या नटांनी पटापट पानं उलटली. मीही उलटलं. चेस्टर मात्र मोटारीच्या दाराची कडी हातात धरून, खाली संहितेवर बोट ठेवून शांत उभा. काचेमागून दिग्दर्शक दोन्ही हात नाचवतोय आणि हा वर बघत नाही.

प्रक्षेपणात शांतता पसरली. एक सेकंद. दोन. ऑर्गनवर बोटं ठेवावीत का, हेही मला सुचेना.

आर्डिस उठली. गप्प बसली असती तर चेस्टर तिथेच बुडाला असता आणि टेबल तिचं झालं असतं. तिने माझी छत्री उचलली, चवड्यांवर पळत फळीवर चढली, चेस्टरच्या मागे उभी राहिली आणि चालू लागली. टाच. ओढलेला पाय. काठी. फळी हलली तसा चेस्टरने दचकून वर बघितलं आणि पुढच्या क्षणी त्याने कडी ठेवून खोलीच्या दाराची मूठ धरली. तिचं शेवटचं पाऊल पडलं आणि बरोबर तिथे त्याचं दार करकरलं. मग दिव्याचं बटण, मग पिस्तूल. दोघांनी मिळून तो खुनी असा आत आणला, की माझा दचकवणारा सूर नेहमीपेक्षा उंच लागला.

खेळ संपला. प्रुइट काचेमागून धावत आले आणि चेस्टरचा हात धरून गदागदा हलवू लागले.

"शाब्बास! दुसराच खेळ सरस. त्या पावलांआधीची ती शांतता, बाप रे! काटा आला अंगावर. ठरलं, जागा तुमची."

आर्डिस चेस्टरच्या डाव्या हाताला उभी होती. ती स्पष्ट म्हणाली, "मिस्टर प्रुइट, ते पाय माझे होते."

प्रुइटचा हात हलायचा थांबला. सगळा स्टुडिओ चेस्टरकडे बघू लागला. चेस्टर हसत होता, मान डोलावत होता आणि प्रुइटना म्हणत होता, "आभारी आहे, आभारी आहे."

मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे! मग आर्डिस वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेली आणि आवाज चढवून म्हणाली, "चेस्टर, ते पाय माझे होते. टेबल माझं."

त्याचं हसू गेलं.

"तुझेच होते," तो तिला म्हणाला आणि प्रुइटकडे वळला, "हिचेच होते, साहेब. तुम्ही मला काय म्हणत होता ते नीट कळलंच नाही. डावा कान तोफांनी नेला आणि उजवाही जेमतेम आहे. बोललो असतो तर तुम्ही मला दारातही उभं केलं नसतं. हॉलिसने पान गाळल्याचं मला ऐकू आलं नाही. फळी हलली तेव्हा कळलं, की नाटक पुढे गेलंय."

प्रुइटनी चेस्टरचा हात सोडला. स्वतःच्या तोंडाने दिलेला निकाल त्यांना गिळता येईना. "म्हणजे... जागा बाईंची," ते शेवटी म्हणाले.

"माझीच," आर्डिस म्हणाली, "आणि मदतनीस कोण, ते मी ठरवणार." मग तिने चेस्टरच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "फळी हलल्यावर दार कधी उघडायचं हे तुला बरोबर कळलं ना?"

"कळलं."

"मग उद्या दहाला तालमीला ये. मी जोरात चालेन."